'बहिरी'च्या पुढचा शब्द

९ जानेवारी

खारूताई,

फोनवर काही विचारलं की तू नुसता अंगठा पाठवतेस. अंगठ्याशी काय बोलायचं? म्हणून कागद घेतला. कागदावर तुला नीट उत्तर द्यावं लागेल.

काम तुझ्याच धंद्यातलं आहे. ती पोलिसांची मालिका मी रोज जेवण झालं की लावते. शेवटी सबटायटल करणाऱ्यांत तुझं नाव येतं, ते शेजारणीला बोट लावून दाखवते. तिला आता त्याचा कंटाळा आलाय. चौथ्या भागात तो झुबकेदार मिशांचा हवालदार एका बाईच्या दारावर लाथ मारतो आणि म्हणतो, "दार उघड," आणि पुढे तुम्ही फुल्या टाकल्यात. त्या फुल्यांच्या जागी काय आहे? तो शब्द मला लिहून पाठव.

हसू नकोस. सगळं सांगते.

सोमवारी आमच्या बाइंडिंगमध्ये शाळेच्या पुस्तकांचा एक गठ्ठा उलटसुलट निघाला. तिसऱ्या धड्यानंतर पाचवा, मग चौथा. जुळणी माझ्याकडे असते, तेव्हा फोरमन सरळ माझ्या टेबलाशी आला आणि हातवारे सुरू. मी त्याचा हात धरून त्याला घडीच्या मशीनपाशी नेलं, घड्या उलगडल्या आणि दाखवलं की आकडेच चुकीचे छापून आलेत. चूक वरच्या मजल्यावरच्या छपाईची होती. सगळे काम थांबवून बघत होते. त्याचं तोंड एवढंसं झालं. मग तो माझ्याकडे पाठ न करता, अगदी माझ्यासमोर, बाकीच्यांकडे बघून दोन शब्द बोलला. पुरुष हसले. माझ्या बाजूची शिलाईवाली सुईत दोरा ओवायला लागली, सुईत दोरा असताना.

पहिला शब्द मला कळला. 'बहिरी.' तो मी जगातल्या कुठल्याही तोंडावर ओळखते. दाढीतून ओळखते, पाठमोऱ्या माणसाच्या गालावरून ओळखते. पुढचा कळला नाही. तोंड उघडलं, जीभ वर गेली, संपलं. शिलाईवालीला खुणेनं विचारलं तर तिनं पुठ्ठ्यावर लिहिलं, 'जाऊ द्या.' दुसऱ्याला विचारलं, तो म्हणाला, 'काहीतरी वाईट.' काहीतरी! आणि बुधवारी टीव्हीवर हवालदाराच्या तोंडावर तोच आकार दिसला. ओठ तेच, जीभ तीच. खाली बघते तर फुल्या.

माझे कान नवव्या वर्षी तापात गेले. तोवर घरात ज्या शिव्या ऐकल्या तेवढीच माझी पुंजी: गाढवा, मेल्या, आणि सायकलची साखळी निसटली की आजोबा द्यायचे ती एक, जिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. त्यानंतर मला शिवी कुणी शिकवलीच नाही. लोक माझ्यासमोर हवं ते बोलतात, पण माझ्यासाठी लिहायची वेळ आली की सगळे सभ्य होतात. सिनेमाला तुझी आई माझ्या शेजारी बसून ओठांनी सगळं सांगायची. खलनायक मिनिटभर तोंड चालवायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि ताई सांगायची, "रागावला."

मग टीव्हीवर ते 'पीं' आलं. तू लहान होतीस, कानांवर हात ठेवून मला दाखवायचीस की आता वाजलं. खरं सांगू? मला बरं वाटायचं. तेवढ्या क्षणापुरते घरातले सगळे माझ्यासारखे असायचे. आता 'पीं' गेलं. सगळे सगळं ऐकतात. फुल्या फक्त मला.

तक्रारीच्या अर्जात विचारलंय, 'नेमके कोणते शब्द वापरले?' नुसतं 'बहिरी' लिहिलं तर म्हणतील, आहेतच की तुम्ही. पुढचा शब्द हवा. तुझ्या कानात हेडफोन असतो. लवकर पाठव.

तुझी,
मावशी

१५ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि हेडफोन काढून आधी पाणी प्यायले. दिवसभर मी शिव्याच ऐकते ग. एकेक वाक्य मागे नेऊन तीन-तीनदा. हवालदाराच्या तर मला आता पाठ झाल्यात. पण कुणी मावशीनं पत्र लिहून शिवी मागितल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

फुल्यांचं माझ्या हातात नाही. चॅनलनं आम्हाला सूचना दिल्यात: तोंडी शिवी चालेल, लेखी नको. मी वर विचारलं होतं, असं का? आमचे साहेब म्हणाले, ऐकलेलं हवेत विरतं, लिहिलेल्याचे लोक फोटो काढतात. गंमत बघ, हेच चॅनल पूर्वी 'साला' आला तरी 'पीं' वाजवायचं. आता लेखकालाच सांगतात, जरा रांगडं लिहा, खरं वाटत नाही. आणि आई! टीव्हीवर कुणी 'च्यायला' म्हटलं की ती गॅस बंद आहे का बघायला उठायची, आठवतं? आता हवालदार पोतंभर शिव्या ओततो आणि ती समोर मटार सोलत म्हणते, "याला बढती द्यायला हवी."

तुझा शब्द अगदी साधा आहे. हवालदार म्हणतो, "दार उघड, द्वाडे." एवढंच. आमच्याकडचा नियम आंधळा आहे, कुणी कुणाला काहीही लागेल असं बोललं की फुल्या. तेव्हा तुझ्या फोरमननेही 'द्वाड'च म्हटलं असणार. वाईट आहेच, पण एवढंही नाही. तू तुझं काम चोख करतेस हे सगळ्यांना ठाऊक आहे. मनाला लावून घेऊ नकोस. अशा माणसांकडे कानाडोळा करावा.

थंडीत काळजी घे.

तुझी,
खारूताई

३ फेब्रुवारी

खारूताई,

कानाडोळा करायला कान लागतात.

तुझं उत्तर मिळालं त्याच दिवशी मी अर्ज भरला. 'नेमके शब्द' समोर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बहिरी द्वाड'. काल सुनावणी झाली. टेबलापलीकडे हिशेब विभागाच्या बाई, त्या तक्रार समितीच्या अध्यक्ष, आणि त्यांच्याशेजारी मॅनेजर. बाजूला फोरमन, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्यासाठी पाटी ठेवली होती, माझ्याशी जे बोलायचं ते बाई पाटीवर लिहिणार.

बाईंनी अर्ज वाचला आणि मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरनं खिडकीकडे बघितलं. त्याचे खांदे हलत होते. हसताना खांदे हलतात हे ऐकू येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मग बाईंनी पाटीवर लिहिलं: 'द्वाड म्हणाले म्हणून तक्रार?' मी खाली लिहिलं, हो. पन्नाशीच्या बाईला का म्हणावं? फोरमनला विचारलं तेव्हा तो इतकं गोड हसला की त्याचं उत्तर मला पाटीशिवाय वाचता आलं: "आमच्या घरी धाकट्यांना आम्ही द्वाडच म्हणतो. मायेनं." बाईंनी लिहिलं, 'दोघांनी सामंजस्याने घ्यावे.' झालं. चहा आला. मला पण दिला.

आज सकाळी मी जुळणीला उभी राहिले, तर घडीच्या मशीनवरची माणसं माझ्याकडे बघून तर्जनी हलवत होती. लहान मुलाला दटावतात तशी. मी शिवीची तक्रार केली आणि तिचं माझं लाडाचं नाव करून मला परत दिलं. आता हे नाव निवृत्तीपर्यंत चिकटणार.

आता तुझ्याकडे वळते. 'द्व' म्हणताना ओठ पुढे येतात. मी आरशात बघितलं. फोरमनचे आले नव्हते. हवालदाराचेही येत नाहीत, तो भाग मी थांबवून थांबवून पुन्हा बघितला. ही शंका मला अर्ज भरण्याआधीच आली होती. पण तुझ्याकडे कान आहेत, माझ्याकडे नुसते डोळे. मी कानांचं ऐकलं.

आणि 'मनाला लावून घेऊ नकोस' हे वाक्य तुझं नाही. ते तुझ्या आईचं आहे. जन्मभर मी ते तिच्या ओठांवर वाचलंय. तू तिला विचारलंस. तुम्ही दोघींनी बसून ठरवलंत की मला किती कळावं.

तुम्हाला वाटलं मला लागेल. मला लागलंच आहे. फक्त काय लागलं ते मला माहीत नाही. बाइंडिंगमधल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे, चहा देणाऱ्यालाही माहीत असेल. ज्या बाईला म्हटलं ती एकटी सोडून सगळ्यांना.

शब्द पाठव. नसेल जमत तर पुढचं पत्र पाठवू नकोस.

मावशी

८ फेब्रुवारी

मावशी,

रांड.

हा तो शब्द. हवालदारही हाच म्हणतो. तुझ्या फोरमननेही हाच म्हटला असणार, 'बहिरी रांड'. मी काल आरशासमोर दोन्ही म्हणून बघितले. तुझं बरोबर आहे, ओठ पुढे येत नाहीत.

अर्थही तुलाच लिहायचाय. पूर्वी विधवेला म्हणायचे. देह विकणाऱ्या बाईला म्हणतात. पण आता खरं म्हणजे ज्या बाईचं तोंड बंद करायचं असेल तिला म्हणतात, मग ती कुणी का असेना. तू त्याला चारचौघांत खोटं पाडलंस, आणि त्याच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. तेव्हा हा शब्द.

आईला मी विचारलं होतं. ती म्हणाली, "तिला कळून काय करायचंय? इतकी वर्षं आम्ही तिला जपली." पण 'द्वाड' हे डोकं माझं. आईनं फक्त लिहू नकोस म्हटलं होतं, खोटं लिही असं नव्हतं म्हटलं. मी स्वतःवर फार खूश होते ग. ओठांना जुळेल असा सभ्य शब्द शोधून काढला म्हणून! रोजचं कामच ते. डबिंगवाले ओठांना जुळणारा शब्द शोधतात, आम्ही नियमाला जुळणारा. त्या सुनावणीत तू एकटी होतीस आणि तुझ्या हातात मी खेळण्यातलं शस्त्र दिलं होतं.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती भांडी घासायला लागली, घासलेली भांडी. आमचं चांगलंच वाजलं त्यानंतर. मी म्हटलं, तू जपलंस की लपवलंस? ती म्हणाली, "तुला काय ठाऊक, लोक तिच्या तोंडावर काय काय बोलायचे." मी म्हटलं, मला नाही, पण तिला ठाऊक असायला हवं होतं. दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही.

आणखी एक. मालिकेचे शेवटचे तीन भाग माझ्याकडेच होते. काल ते मी चॅनलला पाठवले. एकही फुली नाही. जे तोंडात, ते खाली. बघशीलच.

ऑफिसात सगळं ठीक आहे. माझी काळजी करू नकोस, सगळं ठीक आहे.

माफ करशील का, असं विचारत नाही. पुन्हा अर्ज कर.

तुझी,
खारूताई

२६ फेब्रुवारी

खारूताई,

शब्द मिळाला. वाचून दोन दिवस मी कामाखेरीज काही केलं नाही. लागलं. पण जागेवर लागलं, समजलं का? आधी सगळं अंग ठणकत होतं आणि जखम कुठे ते सापडत नव्हतं.

मग मी ठरवलं, या वेळी नुसतं लिहायचं नाही, बोलायचं. माझा आवाज कसा आहे मला माहीत नाही. तापानंतर शाळेत पोरं तो ऐकून दचकायची, तेव्हापासून मी तो घराबाहेर फारसा काढलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत शिलाईवालीला कागदाच्या थप्प्यांमागे घेऊन गेले आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, 'हा शब्द मला नीट म्हणायला शिकव.' तिनं वाचलं आणि पुठ्ठा पदराखाली लपवला. मी तो काढून परत तिच्यासमोर धरला. मग तिनं माझा हात घेऊन स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाली. गळा थरथरला. मी म्हटलं. तिनं मान हलवली, अंहं. जीभ दाखवली, 'ड'ला जोरात आपटा. चार-पाच दिवस आमची ही शाळा चालली. कुणी जवळून गेलं की आम्ही दोघी डब्यात तोंड घालायचो. शेवटच्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी टाळी वाजवल्यासारखं केलं. मग पुठ्ठ्यावर लिहिलं, 'मला पण म्हणतो तो. ऐकू येत असून मी काय केलं?'

अर्ज नवा म्हणून सुनावणी नव्यानं घ्यावी लागली. बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि त्या शब्दाशी आल्या तशी त्यांनी अर्जाचा कागद तोंडासमोर धरला. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "कागद खाली. मला ओठ दिसत नाहीत." त्यांनी पाटीवर लिहिलं: 'हा शब्द नोंदीत घेता येणार नाही. अपशब्द असे लिहू.' मी पाटी घेतली, पुसली आणि उलटी ठेवली. उभी राहिले आणि म्हणाले, "या माणसानं मला 'बहिरी रांड' म्हटलं. बहिरी मी आहे. रांड कशी, ते त्यानं समितीला सांगावं."

किती मोठ्यानं म्हणाले कुणास ठाऊक. बाईंच्या हातातलं पेन पडलं आणि दाराबाहेरचे दोघं आत डोकावले, त्यावरून बऱ्यापैकी असावं.

फोरमन या वेळी गोड हसला नाही. तो मॅनेजरकडे वळून काही बोलला. मी बाईंकडे बघितलं. पाटी उलटी होती, तेव्हा त्यांना ती सरळ करून लिहावं लागलं: 'ते म्हणतात, तिला ऐकूच आलं नाही, मग अपमान कसा झाला?'

मी पाटीवरचं वाक्य पुन्हा वाचत होते. आयुष्यभर हेच तर होत आलंय. तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी पुढे आलं. शिलाईवाली. तिला बोलावलेलं नव्हतं, ती दाराशी उभी होती. तिचा चेहरा लाल झाला होता. ती अगदी सावकाश बोलली, मला वाचता यावं म्हणून माझ्याकडे तोंड करून:

"आम्हाला आलं."

मग घडीच्या मशीनवरचा एक म्हातारा आत आला आणि म्हणाला, त्यालाही आलं. तर्जनी हलवणाऱ्यांतलाच तो. मी त्याला माफ केलेलं नाही, पण त्याची साक्ष घेतली.

फोरमनला बाइंडिंगमधून काढलं. नोकरी आहे, पण हाताखाली माणसं नाहीत, गोदामात रद्दी मोजतो. त्याच्याकडून माफीनामा आला, त्यात होतं, 'माझ्याकडून अनुचित शब्द गेला.' मी तो परत पाठवला. म्हटलं, कुठला ते लिहा. मॅनेजर म्हणाला, आता पुरे की. मी म्हटलं, पुरे झालं की नाही ते मी ठरवीन. दुसरा आला त्यात शब्द पूर्ण आहे. पेन एवढं दाबलंय की कागद फाटलाय.

आता तुझे भाग. आमच्या बहिऱ्यांच्या मंडळात आम्ही शनिवारी शेवटचे तिन्ही एकत्र बघितले. पहिली शिवी खाली पूर्ण उमटली तशी सगळ्यांच्या हातांची हालचाल थांबली. मग आमचे घड्याळजी, वय ऐंशी, जन्मतः बहिरे, त्यांनी ती दोनदा वाचली आणि खुणेनं म्हणाले, "एवढंच? इतकी वर्षं मला वाटायचं, ही माणसं काहीतरी फार मोठं बोलतात!" आम्ही पोट धरून हसलो. एक बाई मात्र उठून गेल्या. नंतर म्हणाल्या, त्यांच्या दिराच्या तोंडावर हा शब्द त्यांनी शेकडो वेळा बघितलाय. आम्ही हसायचं थांबलो.

मंडळानं चॅनलला पत्र लिहिलंय. सह्या भरपूर आहेत.

आणि 'सगळं ठीक' तू दोनदा लिहिलंस. ठीक असतं तेव्हा माणूस एकदाही लिहीत नाही. काय झालंय?

मावशी

५ मार्च

मावशी,

तुझं पत्र मी चालत घरी येताना वाचलं, दिव्याच्या खांबाला थांबून थांबून. "आम्हाला आलं" वाचल्यावर तर मी रस्त्यात मोठ्यानं ओरडले. एक कुत्रा पळाला.

आता माझं. भाग दाखवले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. चॅनलकडे तक्रारी आल्या होत्या. एका गृहस्थानं लिहिलं होतं, 'आम्ही कुटुंबासह मालिका पाहतो. कानावर पडते ते ठीक, पण मुलं वाचायला शिकत आहेत.' मी साहेबांना विचारलं, मुलांना कान नसतात का? ते हसले नाहीत. म्हणाले, "एक ओळ लिहून दे, नजरचुकीनं झालं म्हणून. विषय मिटवतो." माणूस वाईट नाही, मला वाचवायलाच बघत होता. मी म्हटलं, नजर चुकलेली नाही. नजरेसाठीच केलंय.

मग मालिका काढून घेतली. नवा हंगाम दुसऱ्या मुलीकडे गेला. मला प्राण्यांचे माहितीपट दिलेत. हत्ती शिव्या देत नाहीत, निदान कळतील अशा. पगार कमी झालाय, तो आकडा विचारू नकोस. काल चॅनलनं बैठक घेतली, मला कोपऱ्यात बसवलं होतं. तुमच्या मंडळाचं पत्र कुणीतरी वाचायला घेतलं. तुम्ही त्यात हवालदाराच्या सगळ्या शिव्या पूर्ण लिहून विचारलंय की यातली नेमकी कुठली आम्हाला झेपणार नाही असं आपल्याला वाटतं! वाचणारे गृहस्थ तिसऱ्या ओळीला अडखळले आणि म्हणाले, "पुढचं आपण मनात वाचू." मी उठले, पत्र घेतलं आणि पुढचं मोठ्यानं वाचलं. शेवटपर्यंत. घड्याळजींच्या सहीपर्यंत.

ठरलंय असं: नव्या हंगामापासून सबटायटल दोन तऱ्हेची. एक झाकलेली, एक पूर्ण. ज्याला जी हवी ती त्यानं लावावी. लेखी दिलंय. पूर्ण सबटायटल ती नवी मुलगी करणार, मी नाही. मला ते परत देणार नाहीत, हे साहेबांनी स्पष्ट सांगितलं. रडले थोडी. पण त्या ओळीवर सही केली असती तर जास्त रडले असते.

आईशी अजून नीट बोलणं नाही. काल तिनं बॅग भरली. तुझ्याकडे येतेय म्हणाली. का ते सांगितलं नाही.

तुझी,
खारूताई

१४ मार्च

खारूताई,

तुझी आई पोचली. चार दिवस आहे. पहिले दोन दिवस तिनं माझी आवरलेली कपाटं पुन्हा आवरली, म्हणजे काय ते तुला कळलंच. तिसऱ्या दिवशी बाजारातून येताना बोलली. म्हणाली, "जुनं सगळं सांगू का तुला? मला आठवतंय, कोण काय म्हणालं ते." बघ ना, इतकी वर्षं ती एकटी ते सगळं वागवत होती. मी म्हटलं, नको. त्यातली निम्मी माणसं मेली, उरलेल्यांशी भांडायला मला वेळ नाही. आजपासूनचं सांग.

ती 'बरं' म्हणते न म्हणते तोच मी रस्ता ओलांडायला लागले. एक टेम्पो करकचून थांबला असावा, कारण ताईनं मला मागे खेचलं. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तोंड चालवत होता. मी ताईकडे बघितलं. पूर्वी ती म्हणाली असती, "जपून चाला म्हणतोय." तिचा चेहरा पडला. ओठ दोनदा उघडून मिटले. मग माझ्याकडे सरळ बघून, एकेक शब्द सुटा करून, तिनं सगळं सांगितलं. चांगलं लांबलचक होतं. मी, माझे डोळे, माझं खानदान, कुणी सुटलं नव्हतं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण एक शब्द गाळला नाही. मी ओठ वाचत होते आणि पडताळत होते.

मी म्हटलं, "बस?" ती म्हणाली, "बस."

मग ती वळली आणि तिनं टेम्पोवाल्याला उत्तर दिलं. तुझ्या आईनं! पिशवी हातात, भर रस्त्यात. तिची पाठ होती, तरी टेम्पोच्या आरशात मला तिचे ओठ दिसले. "रांडेच्या." टेम्पोवाला खिडकीतून आत गेला.

मला आनंद झाला हे कबूल करते. पण पुढे बसथांब्यावर बसलो तेव्हा मी तिला म्हटलं, "ताई, शिवी त्याला, आणि लागली त्याच्या आईला. ती बिचारी कुठे घरी बसली असेल." ताई म्हणाली, "मग काय म्हणू? 'गाढवा'?" मी म्हटलं, गाढवानं काय बिघडवलंय? मग आम्ही विचार करत बसलो. बाईला मध्ये न आणता पुरुषाला जागेवर लागेल अशी एक तरी शिवी असेल ना? ताईनं आठवून आठवून एकेक सांगितली, हलक्या आवाजात, असा माझा अंदाज. प्रत्येकीत आई, नाहीतर बहीण, नाहीतर बायको निघाली. पुढच्या बाकावरच्या कॉलेजच्या दोन मुली आधी चमकून मागे वळल्या, आणि मग त्याही विचारात पडल्या. एकीनं एक सुचवली. ती बरी होती, पण लहान पडली.

दोन बस गेल्या. आम्ही तिथेच बसलो होतो, चौघी.

तुझी,
मावशी